खेळाडूची दुखापत आणि महाविद्यालयाचे कर्तव्य

पहाटेच्या वेळी जळगावहून भुसावळकडे किंवा धुळ्याहून शिरपूरकडे जाण्याचा प्रसंग आला, तर रस्त्याच्या कडेने धावणारी मुलेमुली तुम्हांला हमखास दिसतील. कोणी पोलीस भरतीसाठी धावत असतो, कोणी सैन्यासाठी, तर कोणी विद्यापीठाच्या संघात आपले नाव यावे म्हणून. आपल्या खानदेशात खेळ हा आता केवळ करमणुकीचा विषय राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरी ह्यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली आणि पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले. तालमीत घुमणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक पोराला ही गोष्ट ठाऊक असते, आणि त्याच्या आईबापांनाही.

ज्या खेळावर घराची एवढी आशा असते, त्या खेळाचा सगळा भार एका शरीरावर पडतो. ह्या शरीराची काळजी कोणी, केव्हा आणि कशी घ्यावी, हा आजचा विषय आहे. शहरी इंग्रजी वर्तमानपत्रांत ह्याला ‘स्पोर्ट्‌स मेडिसिन’ म्हणतात. आपण क्रीडावैद्यक म्हणू.

समजा, कपाशीच्या दोन-अडीच एकर कोरडवाहू रानावर ज्यांचे पोट आहे, अशा घरचा एक मुलगा आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कबड्डीत चांगला चढाईपटू आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात वळताना त्याचा गुडघा आत मुडपतो आणि ‘कट्’ असा आवाज येतो. सोबती त्याला उचलून बाजूला बसवतात. एक जण पाय ओढून पाहतो, दुसरा थंड फवारा मारतो. दहा मिनिटांनी दुखणे थोडे कमी होते. उपांत्य सामना असतो, म्हणून पट्टी आवळून मुलगा पुन्हा उतरतो. रात्री गुडघा फुगतो. घरी गेल्यावर गावातला जाणकार तेल लावून चोळून देतो. पंधरा दिवसांत चालता येऊ लागते, आणि महिन्याने भरतीच्या तयारीसाठी धावताना तोच गुडघा दगा देतो. मग शहरातले मोठे डॉक्टर सांगतात की गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे सांधा बांधून ठेवणारा दोर, तुटला आहे आणि आतली गादीही फाटली आहे. पहिल्याच दिवशी तो थांबला असता, तर गादी कदाचित वाचली असती.

ह्या हकिकतीत वाईट हेतूने कोणीच वागलेले नाही. सोबत्यांनी माया केली, क्रीडाशिक्षकांनी मुलाच्या ‘ठीक आहे, सर’ ह्या शब्दावर विश्वास ठेवला आणि जाणकाराने आपल्या परीने उपाय केला. उणीव एवढीच होती की अशा वेळी काय करायचे, हे आधी कोणी ठरवून ठेवलेले नव्हते. क्रीडावैद्यक म्हणजे मुख्यतः हे आधी ठरवून ठेवणे.

आपल्या देशात ह्या शास्त्राला बरीच वर्षे झाली. पतियाळा येथे १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात २०१० साली क्रीडा दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र उघडले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ह्या विषयाचे डॉक्टर तयार होतात. तुम्ही म्हणाल, ‘हे सगळे दिल्ली-पुण्याला, आमच्या पारोळ्याला किंवा साक्रीला काय?’ शंका रास्त आहे. परंतु ह्या शास्त्राचा बराचसा भाग यंत्रांवर अवलंबून नाही. तो एक नोंदवही, एक शिट्टी, पाण्याची टाकी आणि शिक्षकाची नजर ह्यांवर चालतो. शिवाय आपल्याकडे अगदीच काही नाही असेही नाही. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तालुक्यांच्या गावी ग्रामीण रुग्णालये आहेत. ह्यांची आणि मैदानाची गाठ घालून देणे, एवढे आपले काम.

हे काम तीन वेळांत विभागता येते : खेळाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, प्रत्यक्ष मैदानावर आणि दुखापत झाल्यानंतर.

हंगामापूर्वीची तपासणी प्रथम पाहू. जुलै-ऑगस्टमध्ये संघनिवड होते. त्या वेळी प्रत्येक खेळाडूची उंची, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि जुन्या दुखापतींची नोंद करावी. ह्याबरोबर चार प्रश्न जरूर विचारावेत. धावताना कधी घेरी येऊन पडला होतास का? श्रम करताना छातीत कळ येते का? बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर आणि फार दम लागतो का? घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले आहे का? ह्यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर हृदयाचा आलेख काढून डॉक्टरांचा सल्ला मिळेपर्यंत त्या मुलाला मैदानात उतरवू नये. इटलीमध्ये १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची अशी तपासणी सक्तीची आहे. तेथील व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंचे प्रमाण पुढील दोन-अडीच दशकांत ८९ टक्क्यांनी घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. इस्रायलमध्ये मात्र अशा सक्तीने तेवढा फरक दिसला नाही. त्यामुळे प्रत्येकाचा आलेख काढावा की नाही, ह्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. प्रश्न विचारण्याबद्दल मात्र कोणाचाच मतभेद नाही, आणि त्याला खर्चही नाही.

मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष द्यावे. २०१९ ते २०२१ ह्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, म्हणजे निम्म्याहून अधिक. खो-खोच्या संघातली एखादी मुलगी दुसऱ्या डावात मागे पडू लागली, की आपण म्हणतो, ‘हिच्यात दम नाही.’ दम नसतो हे खरे, पण तो रक्तात नसतो. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या द्याव्यात. शासकीय दवाखान्यात त्या मिळतात. चहा जेवणाबरोबर न घेता दोन तासांच्या अंतराने घ्यावा, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते.

आपल्या भागाला विशेष लागू असलेली आणखी एक गोष्ट आहे, ती सिकलसेलची. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री ह्या तालुक्यांतून आणि नंदुरबार जिल्ह्यातून भिल्ल, पावरा, कोकणा समाजाची अनेक मुले आपल्या महाविद्यालयांत येतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात ती पुष्कळदा सर्वांच्या पुढे असतात. ह्या समाजांत सिकलसेलचे वाहक अधिक आढळतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे. आईबापांपैकी एकाकडून हा गुण आलेला असतो, आणि अशी व्यक्ती एरवी अगदी ठणठणीत असते. मात्र कडक ऊन, अंगातले पाणी कमी झालेले आणि न थांबता केलेले अतोनात श्रम ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर वाहकाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, स्नायूंना रक्त मिळेनासे होते, आणि धडधाकट मुलगा पाय जड झाल्याचे सांगत खाली बसतो. ह्या वेळी त्याला ‘ऊठ, नाटके करू नको’ म्हणून पळवले, तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

अमेरिकेत २००६ साली राईस विद्यापीठातला डेल लॉईड हा विद्यार्थी असाच सरावानंतर दगावला. तो वाहक आहे, हे त्याला किंवा त्याच्या प्रशिक्षकांना माहीत नव्हते. त्यानंतर २०१० पासून तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी ही रक्तचाचणी नियमात घातली. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, आणि आदिवासी भागात ही तपासणी शासकीय यंत्रणेमार्फत होते. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून संघाची तपासणी करून घेणे कठीण नाही. ह्यात दोन पथ्ये अवश्य पाळावीत. तपासणी साऱ्या संघाची करावी, जात पाहून करू नये. आणि तिचा निकाल मुलाला खाजगीत सांगावा, फलकावर लावू नये. वाहक निघालेल्या मुलाला संघातून काढण्याचे काहीही कारण नाही. त्याला पाणी प्यायला आणि मध्ये मध्ये थांबायला मोकळीक द्यावी, सराव हळूहळू वाढवावा, आणि तो थांबला की त्याचे म्हणणे खरे मानावे. एवढ्याने तो इतरांइतकाच खेळू शकतो.

आता मैदानावर येऊ.

मुरगळणे, लचक भरणे, मुका मार लागणे ह्या नेहमीच्या गोष्टी आहेत. ताज्या दुखापतीवर आपल्याकडे पहिला उपाय होतो तो चोळण्याचा, आणि नेमका तोच करू नये. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. चोळल्याने आणि शेकल्याने रक्तस्राव वाढतो, सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस त्या भागाला आराम द्यावा, रुंद पट्टी फार न आवळता बांधावी, हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा. दुखणे कमी व्हावे म्हणून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवण्यास हरकत नाही. त्यानंतर मात्र अंथरुणाला खिळून राहू नये. सोसवेल तेवढी हालचाल सुरू करावी, कारण फार विश्रांतीनेही स्नायू वाळतात. हाडावर बोट दाबताच कळ येत असेल, चार पावलेही टाकता येत नसतील, सांधा वेडावाकडा दिसत असेल किंवा तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगला असेल, तर क्ष-किरण तपासणी झालीच पाहिजे. अशा वेळी निखळलेला सांधा मैदानावर ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये.

डोक्याला लागलेला मार फसवा असतो. पकडीत डोक्यावर डोके आपटते किंवा कुस्तीत मुलगा मानेवर पडतो. बाहेर खरचटलेलेही नसते. पण मुलगा क्षणभर गोंधळतो, गुण किती झाले ते त्याला सांगता येत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. मेंदूला हादरा बसला आहे, हे समजावे. ह्याबाबत जगभर एकच नियम मान्य झाला आहे : त्या दिवशी तो खेळाडू पुन्हा उतरत नाही, मग सामना अंतिम असो की उपांत्य. त्याला एकटे सोडू नये. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी किंवा न आवरणारी झोप ह्यांपैकी काहीही दिसले, तर तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. पुढे परत खेळायचे तेही एकेक पायरीने : प्रथम चालणे, मग हलके धावणे, मग एकट्याचा सराव, मग संघाबरोबर सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा, आणि संघाबरोबरच्या सरावापूर्वी डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

उन्हाची गोष्ट आपल्याला कोणी सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पण उष्माघात हा केवळ पाऱ्यावर अवलंबून नसतो; जोराच्या श्रमाने शरीर आतूनच तापते. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवार कोसळले आणि त्यांतले काही दगावले. त्यानंतर अंतर कमी झाले. पुढच्या नियमांत ते पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर असे आले. ह्या गोष्टीवरून एवढे लक्षात घ्यावे की धोका कित्येकदा मुलाच्या दुबळेपणात नसतो, चाचणीच्या नियमात असतो, आणि नियम माणसाला बदलता येतो.

धावता धावता मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावाच. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पण गाडीची वाट पाहत स्वस्थ बसू नये. आधी थंड करा, मग हलवा, हा नियम आहे. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झाले, तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते. त्यासाठी महागडे साधन लागत नाही. मळ्यातला हौद असेल तर डोके वर धरून मुलाला हौदात बसवावे. हौद नसेल, तर ताडपत्रीवर निजवून चौघांनी तिच्या कडा उचलून धराव्यात, आत थंड पाणी व असेल तेवढा बर्फ ओतावा आणि पाणी अंगावर हलवत राहावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी मात्र ओतू नये. मेरिलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेर हा १९ वर्षांचा खेळाडू २०१८ साली सरावात उष्माघाताने कोसळला आणि पुढे दवाखान्यात मरण पावला. त्याला वेळेवर थंड पाण्यात ठेवले गेले नव्हते, हे चौकशीत निघाले, आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना जाहीरपणे जबाबदारी स्वीकारावी लागली. पैसा, डॉक्टर, साधने सगळे जवळ असूनही असे घडते. कारण त्या क्षणी कोणी काय करायचे, हे माणसांच्या हाताला सवयीचे झालेले नसते.

उष्माघात टाळण्याचे उपाय साधे आहेत. सराव सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर ठेवावा. सुट्टीनंतर पहिले दहा-पंधरा दिवस सराव हळूहळू वाढवावा, म्हणजे शरीर उन्हाला सरावते. ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्या मुलाला लगेच पळवू नये. पाणी मागणे हा कमकुवतपणा समजू नये. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की शोष भरून काढणारे पेय घरीच तयार होते. केळीसाठी तर आपल्याला दूर जावे लागत नाही. आणि आपली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, हिच्यात धान्य आणि डाळ एकमेकांची प्रथिनांतली उणीव भरून काढतात. डब्यातल्या महागड्या भुकटीकडे धावण्यापूर्वी मुलांनी ह्या भाकरीकडे पाहावे.

कोणी अचानक कोसळला, हाक मारल्यास बोलत नसला आणि श्वास नीट चालत नसला, तर हृदय थांबले आहे असे समजून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब देण्यास लागावे : मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. २०२१ साली कोपनहेगनला चालू सामन्यात डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियन एरिक्सन ह्याचे हृदय बंद पडले. मैदानावरच दाब आणि विजेचा झटका मिळाल्यामुळे तो वाचला, आणि पुढे पुन्हा खेळूही लागला. ही क्रिया शिकायला एक दुपार पुरते. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना बोलावून क्रीडाशिक्षक, शिपाई आणि संघनायक ह्यांना ती शिकवून घ्यावी.

आता दुखापतीनंतरचे पाहू. गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि शस्त्रक्रिया झाली, की मुलाला वाटते, टाके निघाले म्हणजे संपले. खरे काम तेथून सुरू होते. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने व्यायाम करावा लागतो. नॉर्वेतल्या अभ्यासकांना असे आढळले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबवावे, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका कमी होतो. एकेका महिन्याला तो जवळजवळ निम्म्याने उतरतो. ह्याउलट दुखापत होऊच नये म्हणून काय करावे, हेही नॉर्वेतच मुलींच्या फुटबॉल संघांवर पाहिले गेले. सरावापूर्वी वीस मिनिटे ठराविक व्यायाम, म्हणजे तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे वाकवून नीट उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे, एवढ्याने दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. कबड्डी आणि खो-खोच्या संघांना हे जसेच्या तसे उपयोगी पडेल. आपली मुले मातीवर अनवाणी सराव करतात आणि मोठ्या स्पर्धेत बूट घालून मॅटवर उतरतात. मातीवर पाय घसरतो, मॅटवर तो धरून राहतो आणि वरचा गुडघा फिरतो. म्हणून स्पर्धेपूर्वी काही दिवस तरी मॅटवर सराव मिळेल अशी व्यवस्था करावी.

परत केव्हा खेळायचे, हा निर्णय कोणाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहिलेले असावे. मुलगा स्वतः ‘ठीक आहे’ म्हणणारच; त्याला प्रमाणपत्र हवे असते, गुणांची सवलत हवी असते. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो. दोघांच्याही हातात हा निर्णय ठेवणे त्यांच्यावरच अन्याय करणारे आहे. तो डॉक्टरांकडे असावा, आणि डॉक्टरांनी ‘नाही’ म्हटल्यावर प्राचार्यांनीही आग्रह धरू नये. ‘सरांनीच थांबवले’ असे सांगता आले, तर मुलाचीही सोबत्यांपुढे लाज राखली जाते.

औषधांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. लवकर बरे व्हावे म्हणून कोणी गुडघ्यात इंजेक्शन घेतो, कोणी ओळखीच्या दुकानदाराकडून ताकदीची गोळी आणतो. खेळातल्या उत्तेजकांविरुद्ध आपल्या देशात २०२२ साली कायदा झाला आहे, आणि चाचणीत बंदी असलेले द्रव्य सापडले तर ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही. सूज उतरवणाऱ्या कॉर्टिझोनसारख्या स्टेरॉइडांची कोणत्याही मार्गाने घेतलेली इंजेक्शने २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. खरोखर आजार असेल तर रीतसर अर्ज करून उपचाराची सवलत मिळू शकते. म्हणून मुलांना एवढे शिकवावे : डॉक्टरकडे गेल्यावर ‘मी स्पर्धेत खेळतो’ हे पहिले वाक्य असावे, आणि औषधाची चिठ्ठी जपून ठेवावी.

आता पैशांचा प्रश्न. खरे तर पुष्कळ पालक येथेच थांबतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठराविक उपचारांची सोय आहे. आपल्याला सांगितलेली शस्त्रक्रिया त्या यादीत बसते का, हे योजनेच्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारावे. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या कोणालाही बँकखात्यातून वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वास १ लाख रुपये मिळतात. मात्र दवाखान्याचा खर्च ह्या विम्यात येत नाही. हा गैरसमज फार आहे. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांचा सामूहिक विमा काढला असेल, तर त्या कागदातल्या तीन गोष्टी वाचाव्यात : सरावात झालेली दुखापत धरली आहे का, स्पर्धेला जाता-येतानाचा अपघात धरला आहे का, आणि किती दिवसांत कळवावे लागते. मुदत टळल्यामुळे न्याय्य दावाही हातचा जाऊ शकतो.

१९०५ साली अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मुले मरू लागली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांना लक्ष घालावे लागले, आणि पुढच्याच वर्षी तेथील महाविद्यालयांची क्रीडासंघटना स्थापन झाली. ऑगस्ट २०२४ पासून त्या संघटनेच्या पहिल्या श्रेणीतील महाविद्यालयांना खेळाडू शिक्षण संपवून गेल्यावरही दोन वर्षे खेळातल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च सांभाळावा लागतो. तेथवर पोहोचायला त्यांना शंभराहून अधिक वर्षे लागली. त्यांच्याइतका पैसा आपल्याजवळ नाही, पण त्यामागचे तत्त्व उचलायला पैसा लागत नाही. ज्या संस्थेच्या नावाने मुलगा खेळला, त्या संस्थेचे त्याच्याशी नाते करंडक मिळाल्यावर संपत नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात, ते आपले विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद आहे. प्राचार्यांनी आणि क्रीडासंचालकांनी त्या मंडळापुढे काही किमान नियम मांडावेत. तपासणीच्या नोंदीशिवाय संघात नाव जाऊ नये. प्रत्येक स्पर्धास्थळी प्रथमोपचार जाणणारा एक माणूस, पिण्याचे पाणी, थंड करण्याची सोय आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक असावा. डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी बाहेर राहावा. भर दुपारी अंतिम सामने ठेवू नयेत. प्रत्येक दुखापत वहीत लिहिली जावी. ह्या वहीचे महत्त्व वर्षाअखेर कळते. एकाच मैदानावर किंवा एकाच प्रकारच्या सरावात वारंवार दुखापती होत असतील, तर ते तिच्यावरून दिसते.

शाळेतल्या शिक्षकबंधुभगिनींनाही एक विनंती आहे. महाविद्यालयात येणारा खेळाडू तुमच्या पटांगणावरच घडलेला असतो. दुखणे लपवण्याची सवयही तेथेच लागते. ‘लागले तर सांग, संघातले तुझे नाव जाणार नाही’ हे वाक्य आठवी-नववीच्या मुलाला ऐकायला मिळाले आणि शिक्षकांनी ते पाळले, तर पुढे महाविद्यालयात आल्यावर तो आपल्या सरांना खरे सांगेल. आणि पालकांनो, मुलगा लंगडत घरी आला तर त्याला तेल लावण्यापूर्वी एवढेच विचारा, ‘कुठे लागले, कसे लागले, आणि सरांना सांगितलेस का?’